चालू मशीन उघडणारी बाई

चालू मशीन उघडणारी बाई अशी गोंदियात माझी ख्याती होती, आणि ती काही कौतुकाची नव्हती. बंद पडलेला कॉम्प्युटर सुरू करून देणाऱ्याला लोक चहा पाजतात, वर पानही देतात. धडधाकट कॉम्प्युटरचे स्क्रू काढून त्याला टेबलावर आडवा करणाऱ्या बाईकडे मात्र, नुकतंच झोपलेलं लेकरू उठवणाऱ्या पाहुण्याकडे बघावं तसं बघतात. मी कित्येक वर्षं तेच काम केलं आणि त्यावर माझं घर चाललं.

नव्याण्णव साली मी फुलचूरहून सायकलने गोंदियाच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात जायला लागले, तेव्हा सगळीकडे एकच घबराट होती. दोन हजार साल लागलं की कॉम्प्युटर वेडे होणार, असं पेपरात येत होतं. एका कापड दुकानदाराने तर मशीन घरातून काढून अंगणात ठेवलं होतं, फुटलं तर बाहेर फुटू दे म्हणून. काही फुटलं नाही. पण त्या घबराटीत लोकांनी वर्षभराच्या देखभालीचे करार करून टाकले, आणि दुकानातल्या रिपेअरिंगच्या पोरांना ते काम नको होतं. मेलेलं मशीन जिवंत करण्यात जी शान असते ती झाडझूड करण्यात कुठली? मालक म्हणाले, "तू कर, तुला झाडझूड जमते." त्यांनी टोमणा मारला होता. मी तो कामाचा हुकूम समजून घेतला.

ज्यांना या कामाची कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कॉम्प्युटरच्या पोटात पंखा असतो, तो धुळीने जाम झाला की आतला मेंदू तापतो. म्हणून ठरलेल्या महिन्यात जाऊन डबा उघडायचा आणि ब्लोअरने धूळ उडवायची. मेमरीची पट्टी काढून तिचे सोनेरी दात शाळेतल्या खोडरबराने घासायचे. यूपीएसची बॅटरी किती वेळ तग धरते ते पाहायचं. मग आतल्या प्रोग्रामांकडे वळायचं. ज्या डिस्कवर सगळं लिहिलेलं असतं ती कुठे झिजते आहे का हे तपासायचं, व्हायरसचं औषध ताजं करायचं, नको त्या फायली काढायच्या, आणि हव्या त्यांची एक नक्कल सीडीवर उतरवून दुसऱ्या घरात ठेवायला सांगायचं. दुसऱ्या घरात, हे महत्त्वाचं. बियाण्याचं धान कुणी एकाच ढोलीत भरत नाही, तसंच ते.

हे सगळं दर तीन महिन्यांनी करावं असं कंपनीच्या पुस्तकात होतं. पुस्तक लिहिणाऱ्याने आमचा जिल्हा पाहिलेला नव्हता. इथे मशीनचं वेळापत्रकसुद्धा धानाच्या मागे लावावं लागतं. दिवाळीनंतर धान निघालं की राईस मिल सुरू होतात आणि कोंडा हवेत तरंगायला लागतो, तेव्हा मिलच्या मशीनला महिना महिना थांबून चालत नाही. उन्हाळ्यात लोडशेडिंग वाढायच्या आधी बॅटऱ्या पाहायच्या. मृगाच्या आधी अर्थिंगच्या खड्ड्यात मीठपाणी ओतायचं, कारण पहिल्या वादळात वीज कुठून येईल सांगता येत नाही. असं माझं पंचांग मी स्वतः बसवलं होतं आणि त्याचा मला आजही अभिमान आहे.

एका मिलचे शेठ मला गेटवरच अडवायचे. "मॅडम, चल रहा है ना? फिर काहे को खोलना?" असं म्हणून समोर खुर्ची टाकून बसायचे, मी काही चोरून नेईन की काय अशा नजरेने. एकदा मी त्यांच्यासमोरच डबा उघडला. पंखा दिसतच नव्हता, नुसता कोंडा दाबून भरला होता. शेठनी बोट घालून पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाले, "इसमें तो मुर्गी अंडा दे देगी." त्यानंतर एखादी फेरी चुकली की त्यांचाच फोन यायचा.

दसऱ्याची एक वेगळीच भानगड होती. आमच्याकडे त्या दिवशी लोक नांगर, ट्रक, शिलाई मशीन सगळं पुजतात, मग कॉम्प्युटरनेच काय घोडं मारलं? एका शाळेत मी दसऱ्यानंतर गेले तर फ्लॉपी आत जाईना. उघडून पाहिलं तर अक्षता. हळद-कुंकवाची बोटं कीबोर्डवर ओढलेली होती आणि सीडीच्या कप्प्यात पेढ्याचा तुकडा होता. हेडमास्तर म्हणाले, "नैवेद्य दाखवला होता, ट्रे आपणहूनच आत गेला." पुढे मी त्या शाळेची फेरी दसऱ्यानंतरच ठेवली, म्हणजे एकाच खेपेत देवाचं आणि धुळीचं दोन्ही निघायचं.

हसण्यासारखं एवढंच. ज्यांच्यासाठी लिहायला बसले ते गुरुजी सौंदडचे.

मेश्राम गुरुजी प्राथमिक शाळेतून निवृत्त झाले आणि पुण्याच्या मुलाने त्यांना कॉम्प्युटर पाठवला. मुलाला वाटलं वडील पेपर वाचतील, नातवाचे फोटो पाहतील. गुरुजींनी त्याचा भलताच उपयोग काढला. त्यांच्या पत्नी शांताबाई तरुणपणापासून रोवणीला जायच्या. रोवणी म्हणजे धानाची लावणी. चिखलात बाया ओळीने वाकून रोपं खोवत मागे सरकतात आणि एक बाई गाणं सांगते, बाकीच्या तिच्यामागून म्हणतात. शांताबाई गाणं सांगणाऱ्या. दुसऱ्या गावचे शेतकरी रोवणी ठरवताना आधी विचारायचे, शांताबाई येते का, कारण ती असली की दिवस लवकर सरतो. मग गुडघे गेले आणि त्यांचं बांधीत उतरणं बंद झालं. बांधी म्हणजे आमच्याकडचा धानाचा वाफा.

गुरुजींनी ठरवलं की ही गाणी कॉम्प्युटरमध्ये भरायची. मी पहिल्यांदा सर्व्हिसिंगला गेले तेव्हा मायक्रोफोन टेबलावर होता आणि शांताबाई खुर्चीत अवघडून बसल्या होत्या. गाणं येईना. "जयभीम ताई," मला म्हणाल्या, "तुमीच सांगा यायले. असं खुर्चीवर बसून गाणं कुठं आठवते? वाकल्याबिगर तोंडातून निंगतच नाही."

गुरुजी हट्टी. त्यांनी मायक्रोफोन खाली उतरवला आणि पाटावर ठेवला. शांताबाई भिंतीला एक हात टेकून, दुखऱ्या गुडघ्यावर, कमरेत वाकल्या. दुसरा हात आपोआप हलायला लागला, रोप खोवल्यासारखा, आणि गाणं सुरू झालं. त्यात सासरला निघालेली पोर होती, नदीला आलेला पूर होता, भावाने न आणलेलं लुगडं होतं. मी हातात ब्लोअर घेऊन तशीच उभी राहिले. माझी आजीही रोवणीला जायची, पण तिचं एकही गाणं माझ्या घरात कुणाला येत नाही. हे मला त्या दिवशी पहिल्यांदा बोचलं.

पुढची दोन-अडीच वर्षं हे चाललं. मी दर फेरीला जाऊन मशीन साफ करायचे आणि नवी गाणी सीडीवर उतरवायचे. माझ्या नियमाप्रमाणे सीडी त्या घरात ठेवायची नव्हती. गुरुजींनी त्या आपल्या मेव्हण्याकडे, म्हणजे शांताबाईंच्या धाकट्या भावाकडे दिल्या. तुकाराम त्याचं नाव, सडक अर्जुनीजवळ त्याची शेती. त्याच्याकडे कॉम्प्युटर नव्हता, पण लोखंडी पेटी होती, आणि बहिणीवर त्याचा इतका जीव होता की सीडी कपड्यात गुंडाळून ठेवायचा. माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांमध्ये ही व्यवस्था सगळ्यांत चोख आहे असं मी इतरांना सांगत असे.

शांताबाई एका हिवाळ्यात गेल्या. तापाचं निमित्त झालं. पुण्यानुमोदनाला मी गेले होते. त्यानंतर उन्हाळ्याच्या तोंडाशी माझी ठरलेली फेरी आली तेव्हा गुरुजींनी मला आत घेतलं, पाणी दिलं, आणि म्हणाले, "मशीनला हात लावू नका."

कॉम्प्युटरवर शांताबाईंचं लुगडं पांघरलेलं होतं. मशीन चालू होतं आणि लुगडं त्याच्यावर तसंच होतं. मी म्हटलं, "गुरुजी, हे तरी काढा, आत कोंडमारा होतो."

"राहू द्या," ते म्हणाले. "तुमच्यावर अविश्वास नाही, ताई. पण तुम्ही उघडता, झाडता, नको ते काढून टाकता. त्यातलं नको ते कोणतं हे मशीनले कसं समजेल?"

मी समजावलं. म्हटलं, आधी नक्कल करते, मग उघडते, एक अक्षर इकडचं तिकडे होणार नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. आयुष्यभर मुलांची उत्तरं ऐकून घेतलेला माणूस. मग म्हणाले, "रोज सांजेला एक गाणं लावतो. लागते. कायले छेडायचं?" मिलच्या शेठना मी कोंडा दाखवू शकले होते. गुरुजींना काय दाखवणार? पावसाळ्याच्या आधी पुन्हा गेले. पुन्हा तेच. तेव्हा यूपीएस किंकाळ्या फोडत होता. बॅटरी संपली होती. लोडशेडिंगमध्ये वीज गेली की मशीन चालता चालता तसंच बंद पडायचं. मी नवी बॅटरी बरोबर नेली होती, दारातूनच म्हटलं, ही तरी लावू द्या, ही बाहेरची वस्तू आहे. गुरुजी म्हणाले, "तार तर आतच जाते ना?"

सीडींची आठवण मी दोन्ही वेळा काढली. "त्या सुरक्षित आहेत," गुरुजी म्हणाले, आणि मलाही तोच आधार वाटला.

आमच्या कामाचं असं असतं की वेळेवर केलं तर कुणाला दिसत नाही. डिस्क जाण्याआधी महिना महिना खुणा देते. एखादी फाईल उघडायला वेळ लागतो, आतून बारीक टकटक येते, तपासणीत खराब जागा सापडतात. फेरी झाली असती तर मला ते कळलं असतं. आश्विनात गुरुजींचा फोन आला. "ताई, टकटक करून राहिला. गाणं लागून नाही राहिलं." मी विचारलं, कधीपासून? म्हणाले, "टकटक तर पोळ्यापासून आहे. मी समजलो, जुनं झालं."

मी त्याच दिवशी सौंदड गाठलं. लुगडं त्यांनीच काढून, घडी करून मांडीवर घेतलं होतं. डिस्क गेली होती. तरी मी ती नागपूरला पाठवली, जिथे मेलेल्या डिस्क उघडून पाहतात. त्यांनी परत पाठवली आणि सांगितलं की आतली तबकडी खरवडून निघाली आहे. वीज गेली की वाचणारी सुई तबकडीवर आपटते, असं बऱ्याचदा झालेलं दिसतं. मी हे गुरुजींना सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "म्हणजे मी रोज लावत होतो त्यानं?" मी म्हटलं, "लावल्यानं नाही गुरुजी, विजेनं." ते स्वतःच उठले आणि चप्पल घातली. "चला. तुकारामकडे जाऊ. तिथं आहेत सीडी."

माझ्या स्कूटीवर मागे बसून ते आले. मोठ्या रस्त्यावर ट्रकांची रांग होती, तिच्या कडेकडेने आम्ही गेलो. ते वाटेत पहिल्यांदाच थोडं मोकळं बोलले. सगळ्या गाण्यांपैकी कोणतं आधी लावायचं ते ठरवत होते. मी म्हटलं, लॅपटॉप बरोबर आहे, तिथेच लावू. मला त्या वेळी मनात खरोखर बरं वाटत होतं. आपला नियम कामी आला, असं वाटत होतं.

तुकाराम घरी नव्हता. त्याची सून म्हणाली, बांधीवर गेले. आम्ही मागच्या वाटेने गेलो. धान दुधात आलं होतं, लोंब्या नुकत्या वाकायला लागल्या होत्या. याच दिवसांत पाखरं येतात. थव्याने बसतात, दाण्यातलं दूध पिऊन टाकतात, मागे फोलपट राहतं. त्यांना पिटाळायला कुणी बुजगावणं लावतं, कुणी चमकीची पट्टी. आणि अलीकडे तिकडे सगळेच सीडी टांगायला लागले होते. ढाब्यांवरच्या, मोबाइल दुकानांतल्या टाकाऊ सीडी दोऱ्याने काठीला बांधल्या की वाऱ्यावर फिरतात, उन्हात चमकतात आणि पाखरं बिचकतात.

तुकारामच्या बांधीत एका ओळीने सीडी फिरत होत्या. मी जवळ गेले तर एकीवर माझ्याच अक्षरात, निळ्या पेनाने लिहिलेलं होतं, शांताबाई.

गुरुजींनाही ते दिसलं. ते पाळीवर, म्हणजे बांधावर, उभे राहिले. तुकाराम आम्हाला पाहून हसत हसत आला. गुरुजींच्या तोंडाकडे पाहून त्याचं हसू थांबलं.

"काऊन, मास्तर? काय झालं?"

मी सांगितलं. कॉम्प्युटर गेला, आता जे आहे ते या सीडींवरच आहे. तो माझ्याकडे बघत राहिला.

"असल तर मास्तरापाशी होतं ना," तो म्हणाला. "हे तं झेरॉक्स होय."

"असल गेलं," गुरुजी म्हणाले.

तुकाराम पाळीवर खाली बसला. मग कुणी न विचारता बोलायला लागला. मोठ्या बहिणीला तो बाईच म्हणायचा. "बाई लहान होती तवा याच बांधीत पाखरं हाकले. माळ्यावर बसून. गोफण नाही का काही नाही, नुसती गाणं म्हणे आन पाखरं उडत. यंदा पाखरू लय झालं. सारे सीडी टांगून राहिले. मी म्हटलं, दुसऱ्याच्या कायले आणू? आपल्या बाईचा आवाज आपल्या पेटीत पडून हाये. बाईच राखंल बांधी." त्याने तोंडावरून हात फिरवला. "रोज सकाळी इथं येऊन बसत होतो जी. बरं वाटे."

मी गुरुजींकडे पाहिलं. मला वाटलं ते आता ओरडतील, आणि ओरडायला हवंच होतं असंही वाटलं. ते पाळीवरून बांधीत उतरले. धोतर वर खोचलं आणि धान न तुडवता, एकेक काठीजवळ जाऊन दोरा सोडायला लागले. तुकारामही उठून दुसऱ्या टोकाकडून सोडत आला.

तुकारामच्या अंगणात खाटेवर मी सीडी पसरल्या. घरी लिहिलेल्या सीडीचा पापुद्रा फार नाजूक असतो. गाणं त्या चकचकीत पापुद्र्यावरच असतं, लोकांना वाटतं तसं खालच्या काचेसारख्या बाजूत नसतं. ऊन, दव आणि काठीचं घासणं यांनी तो सोलून निघाला होता. कित्येक सीडींतून आरपार दिसत होतं. तरी मी एकेक पुसून लॅपटॉपमध्ये घातली. लॅपटॉप घरघरायचा, थांबायचा आणि काही नाही म्हणून सांगायचा. गुरुजी खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसले होते आणि निकामी ठरलेली प्रत्येक सीडी माझ्या हातून घेऊन मांडीवर रचत होते. तुकारामच्या सुनेने चहा आणला, तो कुणी घेतला नाही.

एक सीडी आंब्याच्या सावलीतल्या काठीवर होती. तिचा मधल्या भोकाजवळचा भागच तेवढा शाबूत होता. ती लागली. नावं दिसली, सगळी गाणी नावानिशी दिसली, आणि तुकाराम म्हणाला, "हाये ना, ताई. हाये." पण नाव दिसणं वेगळं आणि आवाज निघणं वेगळं. मी एकेक उघडत गेले. एकही उघडेना. यादीतलं शेवटचं तेवढं उघडलं.

आधी खरखर आली. मग रेल्वेची लांब शिट्टी. गुरुजींच्या घरामागूनच रूळ जातात, गाडी आली की त्यांना थांबावं लागत असणार. गाडीची धडधड हळूहळू लांब गेली. मग शांताबाईंचा आवाज आला. गाण्याचा नव्हे, साधा, घरात बोलतात तसा.

"गेली गाडी. म्हणू का जी आता?"

गुरुजींनी मांडीवरच्या सीडी दोन्ही हातांनी धरल्या.

"म्हण," ते म्हणाले.

सीडी आत फिरत राहिली. पडद्यावरची रेघ जागच्या जागी थांबली होती. ती आता पुढे जाणार नव्हती, हे मला कळत होतं, त्या अंगणात मला एकटीलाच. मला रडू फुटलं. लॅपटॉप बंद करायला माझा हात पुढे होईना. तुकाराम अंगणात उभाच होता. गुरुजी मान थोडी कलती करून, वर्गात एखाद्या लाजऱ्या मुलीची वाट पाहावी तसे, शांताबाई सुरू करण्याची वाट पाहत बसले होते.